पंचवीस गिऱ्हाईकं पुरतात! नेपोलियनचे तातार स्वार आणि छोट्या मार्केटचं गणित



"सर, माझं प्रॉडक्ट घेणारे लोक फार थोडे आहेत. धंदा करू की नको?" हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये हमखास येतो. आज त्याचं उत्तर एका वेगळ्याच मार्केटमधून बघू. तिथे जगभरातून वीस-पंचवीस गिऱ्हाईकं पक्की झाली, तरी नवा माल निघू शकतो. हे मार्केट आहे युद्धखेळाच्या छोट्या मूर्तींचं, म्हणजेच मिनिएचरचं.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मुलं मावळे मांडतात. युरोप-अमेरिकेत मोठी माणसंसुद्धा टेबलावर सैनिक मांडून, फासे टाकून, नियमाप्रमाणे लढाई खेळतात. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे अशा खेळाच्या नियमांचं पुस्तक लिहिलं होतं, म्हणजे छंद जुना आहे. नेपोलियनचा काळ या लोकांचा फार लाडका. कारण गणवेश! प्रत्येक रेजिमेंटची कॉलर वेगळी, टोपी वेगळी, तुरा वेगळा. त्यामुळे "कुठलाही घोडेस्वार द्या" असं इथलं गिऱ्हाईक कधीच म्हणत नाही. त्याला ठरावीक वर्षाचा, ठरावीक तुकडीचाच स्वार लागतो.

आता आपलं गिऱ्हाईक काय मागतंय?

समजा, त्याला हवेत नेपोलियनच्या शाही गार्डमधले लिथुआनियन तातार. हे कोण? लिथुआनियात शेकडो वर्षांपासून राहणारे मुसलमान तातार. १८१२ साली नेपोलियन रशियावर चालून गेला, तेव्हा मुस्तफा अखमातोविच या अधिकाऱ्याने त्यांची तुकडी उभारायला घेतली. बेत होता पूर्ण रेजिमेंटचा, उभा राहिला एकच स्क्वाड्रन. त्याच डिसेंबरमध्ये, माघारीच्या वेळी, विल्ना म्हणजे आजच्या विल्नियसजवळ अखमातोविच मारला गेला. उरलेल्या स्वारांना १८१३ मध्ये गार्डच्या पोलिश भालाईतांबरोबर जोडलं. दोन वर्षांतच या तुकडीची गोष्ट संपली.

त्यांचा वेष मात्र लक्षात राहील असा. काळ्या लोकरी कातड्याची टोपी, तिला गुंडाळलेला फेटा, बिनबाह्यांचं जाकीट, ढगळ पायजमा आणि हातात भाला. एवढ्या लहान तुकडीच्या मूर्ती शोधायच्या कुठे? गिऱ्हाईक पायरी पायरीने शोधतं, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी पैसे कमावतं. आपल्याला तेच बघायचंय.

पायरी १: दुकानातला तयार बॉक्स

इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम हे या धंद्याचं मोठं केंद्र. पेरी मिनिएचर्स आणि वॉरलॉर्ड गेम्स या कंपन्या तिथल्याच. त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या मूर्तींचे बॉक्स मिळतात. पण प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये हुसार, ड्रॅगून अशा नावाजलेल्या तुकड्याच जास्त दिसतात. कारण प्लॅस्टिकच्या मूर्तीला लागतो धातूचा डाय. डाय महाग, म्हणून तो वसूल व्हायला भरपूर बॉक्स खपावे लागतात. एका स्क्वाड्रनच्या तातारांसाठी एवढा खर्च परवडत नाही.

इथे लिहून घ्या: मोठी कंपनी एखादा माल बनवत नाही, याचा अर्थ त्याला मागणीच नाही असा होत नाही. कधी कधी त्यांच्या मशीनला ती मागणी पुरत नाही, एवढंच.

पायरी २: जुना बाजार

पुढे गिऱ्हाईक वळतं जुन्या संग्रहांकडे. लंडनला 'सॅल्यूट' नावाचं युद्धखेळांचं मोठं प्रदर्शन भरतं. जर्मनीत कुल्मबाख गावच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात कथलाच्या चपट्या मूर्तींचं संग्रहालय आहे, आणि त्या प्रकारचे संग्राहक आजही आहेत. अशा ठिकाणी दुर्मीळ तुकड्या हाती लागू शकतात. पण एक अडचण येते, माप! २८ मिलिमीटरच्या सैन्यात १५ मिलिमीटरचा स्वार ठेवला तर मोठ्या माणसांत बाळ उभं केल्यासारखा दिसतो. गंमत म्हणजे दोन कंपन्यांचे '२८ मिलिमीटर' सुद्धा एकसारखे असतीलच असं नाही. एकाचा स्वार सडपातळ, दुसऱ्याचा जाडजूड, मोठ्या डोक्याचा.

म्हणून जो विक्रेता मापपट्टी शेजारी ठेवून किंवा दोन कंपन्यांच्या मूर्ती बाजूबाजूला उभ्या करून फोटो टाकतो, त्याच्यावर गिऱ्हाईक भरवसा ठेवतं. तो फोटो काढायला खर्च शून्य.

पायरी ३: जोडकाम

तयार मिळत नाही, मग जुळवायचं. गार्डमध्ये मामलुक नावाची तुकडी होती, इजिप्तच्या मोहिमेनंतर फ्रान्सला आलेली. ती प्रसिद्ध, त्यामुळे तिच्या मूर्ती सहज मिळतात. त्यांचं जाकीट आणि ढगळ पायजमा तातारांच्या जवळ जाणारा. भाला आणि घोडा पोलिश भालाईतांच्या सेटमधून घ्यायचा. राहिली टोपी. ती दोन भाग मिसळून मळायच्या इपॉक्सी पुटीने घडवायची.

बघा, सगळं अडलं कुठे? डोक्यावर! म्हणूनच या मार्केटमध्ये नुसती सुटी डोकी विकणारे छोटे उद्योजक आहेत. पूर्ण स्वार बनवायचा तर माणूस, घोडा, खोगीर, हत्यार, एवढं सगळं कोरावं लागतं. डोकं कोरायला काम थोडं, माल वजनाला हलका, पाकिटात घालून जगात कुठेही पाठवता येतो. आपल्या धंद्यातही हेच विचारा: गिऱ्हाईकाचं नव्वद टक्के काम दुसरीकडे होतंय, तर उरलेला कोणता छोटा तुकडा त्याला कुठेच मिळत नाही?

पायरी ४: आधी मागणी मोजा, मग साचा बनवा

आता मुख्य मुद्दा. धातूच्या मूर्तींचं काम असं चालतं: कारागीर एक मूळ मूर्ती घडवतो. तिच्यावरून रबराचा साचा बनतो. साचा गरगर फिरवत त्यात वितळलेला कथिलाचा मिश्रधातू ओततात. रबरी साचा प्लॅस्टिकच्या डायपेक्षा खूप स्वस्त, म्हणून थोडा माल काढणं परवडतं. तरी कारागिराची मजुरी आधी द्यावीच लागते. माल खपला नाही तर पैसा कपाटात अडकला.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या युरेका मिनिएचर्सने यावर '३०० क्लब' नावाचा उपाय काढला. ज्याला एखादी दुर्मीळ मूर्ती हवी, त्याने कल्पना मांडायची. ज्यांना पटेल त्यांनी आपण किती नग घेऊ ते नोंदवायचं. ठरलेला आकडा भरला की काम सुरू!

हाच हिशोब आपल्या तातारांना लावू. समजा, खेळात एका तुकडीला १२ स्वार लागतात. मग ३०० स्वारांसाठी किती गिऱ्हाईकं? फक्त २५. अख्ख्या जगात २५ माणसं! "मार्केट किती मोठं आहे?" हा प्रश्न इथे लागतच नाही. प्रश्न एवढाच उरतो, की ती २५ माणसं कोण आणि ती प्रत्येकी किती घेणार?

पण सावध राहा. "छान आहे, नक्की घेऊ" म्हणणारा आणि नग लिहून देणारा, यांत फरक असतो. नग लिहून देणारा आणि ॲडव्हान्स देणारा, यांतही असतो. हिशोब ॲडव्हान्सचा करा, कौतुकाचा नको.

पायरी ५: फाइल विका

आता रेझिन थ्रीडी प्रिंटर घरोघरी पोचतायत. कॉम्प्युटरवर मूर्ती घडवणारा डिझायनर फाइलच विकतो आणि गिऱ्हाईक घरी छापतं. ना साचा, ना स्टॉक, ना टपालखर्च. छापून विकायची परवानगी हवी असेल तर बरेच डिझायनर वेगळं लायसन्स देतात. दुसऱ्याची फाइल विनापरवाना छापून विकणं म्हणजे चोरी, हे आपल्याकडच्या प्रिंटरवाल्यांनीही लक्षात ठेवावं. आणि छोट्या मार्केटमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. एकदा नाव गेलं की गेलंच.

आपल्या मातीतला धागा

२३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई इथे, आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. असईला त्याच्याबरोबर १९वी लाइट ड्रॅगून्स ही गोरी पलटण आणि मद्रासच्या देशी घोडदळाच्या तुकड्या होत्या. समोर आपले मराठे स्वार. ही लढाई टेबलावर मांडायची तर या साऱ्या तुकड्यांसाठी असाच पायरीपायरीने शोध घ्यावा लागतो. मराठ्यांची पागोटी कशी बांधलेली, शिलेदाराचं खोगीर कसं, हे इथल्या माणसाला जास्त चांगलं कळतं. ज्ञान हाही कच्चा मालच आहे, मित्रांनो. गणवेशाची नीट तपासलेली माहिती आणि रंगवायची सूचना हे सुद्धा प्रॉडक्ट होऊ शकतं.

आजचं काम

वही काढा आणि तीन ओळी लिहा.

१. माझ्या क्षेत्रातलं 'न मिळणारं डोकं' कोणतं?
२. काम सुरू करायला कमीत कमी किती नगांची मागणी लागेल? अंदाज नको, खर्च मांडून आकडा काढा.
३. एक गिऱ्हाईक साधारण किती नग घेईल? मग दुसऱ्या ओळीतल्या आकड्याला याने भागा.

जे उत्तर येईल तेवढी नावं त्याच पानावर खाली लिहायला घ्या, फोन नंबरसकट. नावं भरली आणि ॲडव्हान्स आला, तर साचा बनवा. नाही भरली, तर तुमचा साच्याचा खर्च वाचला. हीसुद्धा कमाईच!

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरत राहा.