रणगाड्याच्या प्रतिकृतीला रंग कोणता?

रणगाड्याची प्रतिकृती करणाऱ्याचे जोडकाम आठ-पंधरा दिवसांत उरकते. जर्मनांचा ‘टायगर’ रणगाडा तोफेसकट सुमारे साडेआठ मीटर लांब. पस्तीस पट लहान केला की चोवीस सेंटीमीटरचा होतो, टेबलावर सहज मावतो. पण भाग चिकटवून झाले, की प्रश्न उभा राहतो : रंग कोणता द्यावा? दुकानात ‘जर्मन राखाडी’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली मिळते. ती आणली म्हणजे प्रश्न सुटला काय? मुळीच नाही. आधी विचारावयास हवे, की हा रणगाडा कोणत्या सालचा आणि कोणत्या रणभूमीवरचा?

जर्मन रणगाड्यांचेच पाहा. १९३९ साली पोलंडवर स्वारी झाली तेव्हा नियम दोन रंगांचा होता : दोन तृतीयांश गडद राखाडी आणि एक तृतीयांश गडद तपकिरी. १९४० च्या जुलैत हुकूम निघाला, की यापुढे नुसता राखाडीच द्यावा. १९४३ च्या फेब्रुवारीत तोही बदलला. कारखान्यातून गाडी मळकट पिवळ्या रंगात निघू लागली. आपल्याकडच्या वाळल्या गवताच्या जवळ जाणारा हा रंग. त्यावर पट्टे ओढण्यासाठी शेवाळी हिरवा आणि तांबूस तपकिरी असे दोन रंग घट्ट लगद्याच्या रूपात पलटणीला मिळत. शिपाई ते पेट्रोलमध्ये, नाहीतर नुसत्या पाण्यात कालवीत. आता सांगा, कोणी किती पाणी घातले याचा हिशेब कोण ठेवणार? एकाच तुकडीतल्या दोन गाड्यांची छटा जुळत नसे. तेव्हा १९४४ च्या गाडीचा ‘एकमेव खरा हिरवा’ शोधीत बसणे व्यर्थ आहे.

आफ्रिकेची गोष्ट आणखी मौजेची आहे. वाळवंट म्हटले की आपण पिवळा रंग काढतो. परंतु १९४१ च्या आरंभी त्रिपोलीच्या बंदरात उतरलेले जर्मन रणगाडे युरोपातल्या राखाडी रंगातच होते. पिवळसर तपकिरी रंगाचा हुकूम मार्चमध्ये निघाला. तोवर चिखल फासून वेळ मारून नेली गेली.

इंग्रजांचा रंग तर टंचाईने ठरविला. हिरव्या रंगासाठी लागणारी क्रोमियमची भुकटी कमी पडू लागली, म्हणून १९४२ च्या सुमारास त्यांच्या गाड्या तपकिरी झाल्या. १९४४ च्या एप्रिलपासून पुन्हा शेवाळी हिरवा आला. रंग पाहून गाडीचा काळ ओळखता येतो, तो असा.

यात शिक्षकांचे काम विशेष आहे. शाळेच्या प्रदर्शनात ‘पोलंड, १९३९’ अशी चिठ्ठी लावून पिवळा रणगाडा मांडला, तर पोरे तेच खरे धरून चालतात. पुस्तकातले वाक्य विसरले जाते. डोळ्यांनी पाहिलेले विसरत नाही.

‘मग जुने फोटो पाहावेत,’ असे कोणी म्हणेल. जरूर पाहावेत, पण जपून. काळ्या-पांढऱ्या फोटोत गडद राखाडी आणि गडद तपकिरी जवळजवळ सारखेच उमटतात. वरून धूळ बसलेली असली, म्हणजे संपलेच! याच फसगतीमुळे पोलंडच्या स्वारीतले रणगाडे प्रतिकृतिकार कित्येक वर्षे नुसते राखाडी रंगवीत आले. फोटोवरून पट्टे कसे ओढले होते, आकडे कोठे लिहिले होते, हे घ्यावे. छटा घेऊ नये. संग्रहालयातल्या गाड्यांचेही तेच. अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, रणगाडा संग्रहालय मुलांना अवश्य दाखवा. तेथे गाडीची बांधणी नीट पाहता येते. पण उघड्यावर मांडलेल्या कोणत्याही गाडीला रंगाचा नवा हात द्यावाच लागतो. तो रणांगणावरचा रंग नव्हे.

आता प्रत्यक्ष रंगकाम. मूळ गाडीचा रंग जसाच्या तसा लहान प्रतिकृतीला दिला, तर ती काळवंडलेली दिसते. काही जण म्हणतात, लांबच्या वस्तूचा रंग हवेमुळे फिका दिसतो, म्हणून प्रतिकृतीही फिकी हवी. मला हे पटत नाही. एका फुटावरून प्रतिकृती पाहणे म्हणजे खरी गाडी साधारण साडेदहा मीटरांवरून पाहणे. एवढ्या अंतरात हवा ती काय रंग फिका करणार? खरे कारण उजेडाचे असावे. गाडी उन्हात उभी असते, प्रतिकृती घरात दिव्याखाली. कारण कोणतेही असो, रंग थोडा उजळावा हे खरे. मात्र सरसकट पांढरा ओतू नका. तांबूस तपकिरीत पांढरा घातला की गुलाबी झाक येते, तेथे फिका मातकट रंग घालावा. हिरव्यात थोडा पिवळा चालतो. आधी टाकाऊ प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एक हात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एक नव्हेत. मग तो तुकडा दिवसा खिडकीपाशी नेऊन पाहावा. चकचकीत वार्निश दिले तर छटा गडद होते, म्हणून शेवटचा हात बिनचकाकीचा असावा. आणि तुकड्यामागे साल, रणभूमी व मिश्रणाचे प्रमाण पेन्सिलीने लिहून ठेवावे; पुढच्या गाडीला तेच उपयोगी पडते.