ठासणीची बंदूक: झुंज ओलाव्याशी

ठासणीच्या बंदुकीत सगळं तोंडाकडूनच जातं. आधी शिंगड्यातली दारू, वर चिंधी, मग शिशाची गोळी, आणि गजानं ठासून ते बुडाशी बसवायचं. नळीच्या बुडाजवळ बाजूला एक बारीक छिद्र असतं, त्याला लागून बाहेर वाटीसारखा कान. कानात चिमूटभर बारीक दारू घालतात, ती रंजक. जुन्या तोड्याच्या बंदुकीत चाप ओढला की तोड्याचं, म्हणजे धुमसत्या दोरीचं, टोक कानावर टेकायचं, रंजक भडकायची, ज्वाळ छिद्रातून आत शिरायची आणि बार निघायचा. यातलं काहीही ओलं असलं की रंजक नुसती फुर्र होऊन विझे आणि बंदूकवाला शत्रूसमोर मोकळा उभा राही.

सोरा, गंधक आणि लाकडी कोळसा ही या दारूची तीन द्रव्यं. आग धरून ठेवायला लागणारा प्राणवायू सोरा स्वतःच पुरवतो, म्हणून ती बंद नळीतही जळते. पण नीट शुद्ध न केलेल्या सोऱ्यात दुसरे क्षार राहतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. चार महिने धुक्यात बुडणाऱ्या सह्याद्रीच्या गडावर दारू सांभाळणं म्हणूनच मोठं जोखमीचं काम होतं.

हे काम मराठी राज्याचे अमात्य रामचंद्रपंत यांनी किती बारकाईनं पाहिलं होतं, ते त्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथात दिसतं. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा. त्याला तळघर करावं, आत चुनेगच्ची करून माच, म्हणजे उंच मंच, घालावा, आणि दारूची मडकी त्या माचावर ठेवावीत, जमिनीवर नाही. सर्दी लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं यावं, दारू आणि बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावं आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावं. पहारा रात्रंदिवस, परवानगीशिवाय आसपास कोणी फिरकायचं नाही. इतिहासात बुरूज आणि तलवारी पुष्कळ गाजल्या. दारूला ऊन देणाऱ्या त्या हवालदाराचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. गड लढता राहिला त्यात त्याचा वाटा मला कमी वाटत नाही.

पुढे तोड्याची जागा चकमकीनं घेतली, तरी कान आणि रंजक राहिलीच. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकानं ठोक्यानं पेटणारं रसायन वापरून बार काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याला शिकारीचा नाद होता, आणि रंजकीचा भडका दिसताच पाखरं उडून जात, हे त्याचं दुखणं. त्याच वाटेनं पुढे असं रसायन भरलेली तांब्याची टोपी आली. रंजक गेली, कान गेला आणि पावसातही बार निघू लागला.

नळीतला ओलावा मात्र गेला नाही. ही दारू जळली की निम्म्याहून अधिक भाग राख आणि क्षार होऊन मागे उरतो. पांढरा धूर त्याचाच. उरलेलं कीट पाणी धरतं आणि लोखंड खातं. म्हणून बार काढल्यावर नळी गरम पाण्यानं धुऊन, पुसून, तेल लावून ठेवायची.

कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका आजही आहेत. रानडुकरं आणि वानरं यांना हुसकायला एखादा बार पुरतो. दारू परवान्याशिवाय घरी बनवणं हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे: घर्षणाची एखादी ठिणगीही हात नेते. निवडणूक लागली की बंदूक अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. निवडणूक भाताच्या हंगामात आली, तर शेतकऱ्याला डबा वाजवत माळ्यावर बसून राखण करावी लागते.