कळी कशावर अडते? शेवंती आणि तापमानाचा मागोवा

दसऱ्याच्या तोंडावर शेवंतीच्या मळ्यात नजर आधी कळीवर जाते. ती हरभऱ्याएवढी भरून टोकाला रंग दिसू लागला असेल, तर जीव भांड्यात पडतो. मोहरीएवढी, हिरवी आणि घट्टच असेल, तर सण हातचा जातो. ही कळी कशावर अडते, हे उलगडायला शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षं लागली.

सुरुवात उजेड-अंधारापासून झाली. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवर दाखवून दिलं, की फुलोरा दिवसाच्या लांबीवर ठरतो. शेवंती तर दिवस लहान झाले की फुलणारी. काळे पडदे आणि रात्रीचे दिवे वापरून तिला बारमाही फुलवता येऊ लागलं. १९३० च्या दशकात मिखाईल चैलाख्यान यांनी मॉस्कोत शेवंतीच्या शेंड्याकडची पानं काढून टाकली आणि फक्त खालच्या पानांना लहान दिवस दिला. तरीही शेंड्याला कळ्या आल्या. म्हणजे फुलण्याचा निरोप पानात तयार होतो आणि तिथून शेंड्याला पोचतो! त्या निरोपाला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ म्हटलं.

पण अंधार मोजूनमापून देऊनही काही वाण दगा देत. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये श्वाबे यांनी दाखवलं, की काही वाणांना आधी थंडी मिळाल्याशिवाय ते फुलायला तयारच होत नाहीत. १९५४ मध्ये हेन्री मार्क कॅथी यांनी वाणांचे तीन गट पाडले. पहिला १० ते २७ अंशांत कुठेही फुलतो, मात्र १६ अंशांच्या आसपास उत्तम. दुसऱ्याची कळी गारठ्यात अडते. तिसऱ्याची उकाड्यात रखडते. रोप सारखं दिसलं तरी स्वभाव वेगळा, हे तेव्हा पक्कं झालं.

उकाड्यात नेमकं बिघडतं काय, याचा धागा २०१३ मध्ये जपानी संशोधकांना सापडला. जास्त तापमानात पानातलं ‘एफटीएल३’ हे फुलण्याचा निरोप तयार करणारं जनुक मंदावतं. चैलाख्यान यांनी ओळखलेला तो निरोपच क्षीण होतो, आणि अंधार पुरेसा असूनही फुलोरा लांबतो.

आपल्याकडे दिवस लहान होत जातात तेव्हाच ऑक्टोबरचा उकाडा येतो. त्यात गुलाबी आणि तांबूस वाणांचा रंगही फिका पडतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: वाण निवडताना फुलाच्या रंग-आकाराइतकीच त्याच्या तापमानाच्या स्वभावाची चौकशी करा. रात्रीची लांबी दरवर्षी तीच असते. तिची ऊब मात्र दरवर्षी वेगळी, आणि मोहरीएवढी कळी हरभऱ्याएवढी कधी होणार, हे त्या उबेवरही ठरतं.