परदेशी बाजारपेठेत पाऊल ठेवण्यापूर्वी

सन १९९८ मध्ये अमेरिकेत 'वियाग्रा' हे औषध आले आणि चिनी वृत्तपत्रांनी त्याला 'वेइग' असे नाव देऊन टाकले. फायझर या मूळ कंपनीने चीनसाठी वेगळे नाव योजले होते. लोकांच्या तोंडी रुळलेल्या 'वेइग' या नावासाठी मात्र त्याच वर्षी एका चिनी औषध कंपनीने अर्ज केला. फायझरने न्यायालयात दाद मागितली. परंतु २००९ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला.

गोव्यात वेर्णा, कुंडई येथील कारखान्यांतून औषधे परदेशी जातात. त्यामुळे हा धडा आपल्याही जवळचा आहे. भारतात मिळालेले पेटंट किंवा व्यापारचिन्ह देशाच्या सीमेबाहेर लागू होत नाही. शिवाय भारतात नावाचा आधीपासून वापर करणाऱ्यास कायदा संरक्षण देतो. चीनमध्ये सामान्यतः आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क मानला जातो.

म्हणून पहिले काम नावाचे. भारत २०१३ पासून माद्रिद करारात सहभागी असल्याने एकाच अर्जाद्वारे अनेक देशांत व्यापारचिन्हासाठी संरक्षण मागता येते. भारतातील अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केल्यास मूळ तारखेचा लाभ मिळतो. नाव रोमन लिपीबरोबरच चिनी, अरबी अशा स्थानिक लिपीतही नोंदवावे.

दुसरे काम संशोधनाचे. पेटंटसाठी ही मुदत बारा महिन्यांची आहे. पेटंट सहकार्य कराराच्या मार्गाने गेल्यास निरनिराळ्या देशांत प्रवेश करण्यासाठी पहिल्या अर्जापासून साधारण तीस महिने मिळतात. मात्र अर्जापूर्वी प्रदर्शनात उपकरण मांडले किंवा शोधनिबंध छापला, तर युरोपात नावीन्याचा दावा बहुधा संपुष्टात येतो. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटीकरणानंतर एक वर्षाची सवलत आहे. तिच्या भरवशावर अन्य देशांत जाता येत नाही. उपचारपद्धतीला अमेरिकेत पेटंट मिळू शकते, भारतात व युरोपात नाही.

येथे आपल्या कायद्याची एक अटही ध्यानात ठेवावी. भारतात राहणाऱ्या संशोधकाने परदेशात पहिला अर्ज करण्यापूर्वी पेटंट नियंत्रकाची परवानगी घ्यावी, अथवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे. पेटंट कायद्याच्या कलम ३९ मधील ही तरतूद मोडल्यास भारतातील हक्कही गमवावा लागू शकतो.

तिसरे काम कराराचे. अनेक देशांत औषधाची शासकीय नोंदणी स्थानिक वितरकाच्या नावाने होते. अशा वेळी व्यापारचिन्ह आणि नोंदणीची कागदपत्रे कोणाच्या मालकीची, करार संपल्यावर ती किती दिवसांत परत करावयाची, हे लेखी ठरलेले नसेल तर वितरकाशी संबंध तुटताच बाजारपेठही हातची जाते. जी निर्मितीप्रक्रिया गुप्त ठेवावयाची, ती गोपनीयतेच्या कराराविना भागीदारासमोर मांडू नये.

या साऱ्यास खर्च येतो आणि प्रत्येक देशात नोंदणी करणे लहान उद्योगाला परवडणारे नाही. म्हणून जेथे विक्री होणार, जेथे उत्पादन करून घ्यावयाचे आणि जेथे नक्कल होण्याची भीती अधिक, असे मोजके देश प्रथम निवडावेत. मालाची पहिली पेटी रवाना होण्यापूर्वी अर्ज दाखल झालेला असावा. गेलेले नाव परत मिळविणे फायझरसारख्या बलाढ्य कंपनीलाही जमले नाही.