बंद मोटारीत अडकलेला जीव

एके काळी गल्लीत एखादीच मोटार असे. आता घरोघरी, शेताच्या बांधावर, मंगल कार्यालयाच्या आवारात गाड्या उभ्या असतात. मुलांच्या दृष्टीने उभी गाडी म्हणजे लपंडावाची उत्तम जागा. दार उघडे मिळाले की मुले आत शिरतात, दार लावून घेतात आणि मग ते त्यांना उघडता येत नाही.

जून २०२३ मध्ये नागपुरात खेळायला गेलेली तीन लहान मुले बेपत्ता झाली. दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका मोटारीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात दोन भावंडे अशीच दगावली. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरमजवळच्या खेड्यात चार मुले गेली. अशा बातमीत बहुधा 'गुदमरून मृत्यू' असे छापले जाते. परंतु मोटार काही हवाबंद डबा नसते. बहुतेक वेळा प्राण घेते ती आतली उष्णता.

गाडीची भट्टी कशी होते?

ऊन काचेतून आत येते आणि आसने, डॅशबोर्ड तापवते. ती तापली की आतली हवा तापते, आणि ही गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मोजमाप करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की उन्हात उभ्या गाडीचे आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढते. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. बाहेर अवघे २२ अंश असतानाही आत ४७ अंशांपर्यंत पारा गेला. काच बोट-दोन बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा बाहेर ४२ अंशांचा वैशाख असताना आत काय होत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. 'पाच मिनिटांत येतो, काच जरा उघडी ठेवली आहे' ही समजूत म्हणूनच घातक आहे.

लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेले आणि मेंदूवर परिणाम दिसू लागला, की त्याला उष्माघात म्हणतात. मूल प्रथम रडते, लालबुंद होते, ओकते. मग त्याला ग्लानी येते. मूल शांत झाले म्हणजे झोपले असे समजू नये.

बाहेरून सोडवताना

प्रथम सर्व दारे आणि डिकीही ओढून पाहावी. घाबरल्यामुळे माणूस एकच दार ओढत बसतो. एकाने किल्ली आणायला धावावे, दुसऱ्याने ११२ वर फोन करावा. किल्लीच्या रिमोटची बॅटरी संपली असेल तर अनेक रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते. ती काढून चालकाच्या दाराचे कुलूप उघडता येते.

मूल जागे असेल, रडत असेल आणि किल्ली खरोखरच मिनिटाभरात येणार असेल तर थांबावे. मूल सुस्त पडले असेल, ओकत असेल, हाकेला उत्तर देत नसेल तर एक क्षणही थांबू नये, काच फोडावी. काच नवी बसवता येते.

कोणती काच फोडायची हे महत्त्वाचे. पुढची मोठी काच फोडण्यात वेळ घालवू नये. ती दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा घालून केलेली असते. तडकते, पण फुटून पडत नाही. दाराची काच फोडावी, आणि तीही मुलापासून सर्वांत लांबच्या दाराची. घाव मधोमध न घालता कोपऱ्याजवळ घालावा. हातोडी, चाकाचा पाना किंवा टोकदार दगड वापरावा. हाताला कापड गुंडाळावे व तोंड फिरवावे. बहुतेक गाड्यांची ही काच खडीसाखरेसारखी बारीक तुकड्यांत फुटते. मग हात आत घालून दार उघडावे.

बाहेर काढल्यावर

मुलाला सावलीत न्यावे, कपडे काढावेत, अंगभर साधे गार पाणी ओतावे आणि वारा घालावा. बर्फ मिळाल्यास कापडात गुंडाळून मानेवर, काखेत व जांघेत ठेवावा. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत आणि दवाखान्याच्या वाटेवरही गार करणे चालू ठेवावे. कांदा हुंगवणे, तळपाय चोळणे यात वेळ दवडू नये. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. मुलाला कुशीवर निजवावे. श्वास बंद असेल तर छातीवर ३० वेळा दाब आणि मग तोंडाने २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. मूल बाहेर काढल्यावर हसू-बोलू लागले तरी डॉक्टरांना दाखवावेच.

गाडी पाण्यात सापडली तर

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी बंद गाड्यांत अडकूनही माणसे दगावली. मे २०२३ मध्ये बंगळुरूत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फरिदाबादला भुयारी मार्गातल्या पाण्यात मोटारी अडकून बळी गेले.

गाडी पाण्यात पडली की लगेच तळाला जात नाही. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठातील प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्त यांनी माणसे आत बसवून गाड्या पाण्यात सोडून पाहिल्या. त्यांच्या मते सुटकेसाठी हाती अर्धा ते एक मिनिट असतो. तेवढ्यात क्रम असा ठेवावा: पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर ढकला, मग स्वतः निघा. दार उघडण्याच्या खटपटीत पडू नये. बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही आणि उघडलेच तर गाडी झपाट्याने भरते. फोन करणे बाहेर पडल्यावर. विजेवरची काच सुरुवातीला बहुधा चालते, म्हणून ती पहिल्याच क्षणी खाली करावी.

काच उतरलीच नाही तर फोडावी. त्यासाठीची छोटी हातोडी बाजारात मिळते. ती डिकीत न ठेवता चालकाच्या हाताशी ठेवावी. मात्र काही नव्या गाड्यांत दारालाही पुढच्यासारखी चिवट काच असते. अमेरिकेतील मोटार संघटनेने २०१९ साली सहा अवजारे तपासली, तेव्हा त्यातल्या एकानेही ती फुटली नाही. आपल्या गाडीची कोणती काच कशी आहे, हे गॅरेजवाल्याला आजच विचारून ठेवावे.

घरात सांगून ठेवा

गाडी अंगणात असली तरी कुलूप लावावे, किल्ली खुंटीवर उंच टांगावी. नादुरुस्त, पडीक गाडीचीही दारे बंद ठेवावीत. गाडीतून उतरताना मागचे आसन पाहण्याची सवय लावावी. बऱ्याच गाड्यांत मागच्या दाराला बालकुलूप असते व ते आतून उघडत नाही. म्हणून मुलांना शिकवावे, की अडकलात तर पुढच्या आसनावर या, पुढचे दार उघडा आणि हॉर्न वाजवत राहा. अनेक गाड्यांचा हॉर्न किल्लीशिवाय वाजतो. आपल्या गाडीचा वाजतो का ते मुलांकडूनच वाजवून पाहावे.

आणि मूल दिसेनासे झाले, तर बसस्थानकाकडे धावण्याआधी घराजवळचा हौद, विहीर आणि आसपास उभी असलेली प्रत्येक गाडी डिकीसकट पाहावी. नागपूरच्या त्या मुलांची गाडी घरापासून हाकेच्या अंतरावर होती.