टाकी डोक्यावर, तरी डिशवॉशर कोरडा

सुरतेत सर्वांत वरच्या मजल्यावर फ्लॅट घेणाऱ्याची समजूत असते, की टाकी डोक्यावरच आहे, पाण्याची काय काळजी? आंघोळीच्या बादलीपुरतं ते खरंही आहे. डिशवॉशरसाठी मात्र इमारतीतली हीच जागा सर्वांत अवघड. यंत्र सुरू होतं, थोडा वेळ घुमतं आणि मग थांबून एक संकेत दाखवतं. बॉशच्या बऱ्याच यंत्रांत तो 'ई १८' असतो, एलजीच्या यंत्रांत 'आयई'. दोन्हींचा अर्थ साधारण एकच: ठरलेल्या वेळेत पुरेसं पाणी आत आलं नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. वॉशिंग मशिनची सवय झालेल्यांना वाटतं, की भांडी पाण्यात बुडायला हवीत. मधेच दार उघडलं आणि तळाशी जेमतेम पाणी दिसलं, की तक्रार नोंदवली जाते. पण डिशवॉशर टबभर पाणी घेतच नाही. तळाशी साठलेलं तीन-चार लिटर पाणीच पंप फिरत्या हातांमधून पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारत राहतो. अख्ख्या धुण्याला साधारण १० ते १२ लिटर पाणी लागतं. संकेत दिसत नसेल आणि भांडी स्वच्छ निघत असतील, तर यंत्र ठणठणीत आहे.

खरी अडचण दाबाची. ही यंत्रं ज्या देशांत घडली, तिथे पाणी सहसा दाबाच्या मुख्य नळातून थेट स्वयंपाकघरात येतं. आपल्याकडे ते आधी तळटाकीत, मग मोटरने गच्चीवर आणि तिथून नुसत्या उताराने खाली. १० मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. बहुतेक डिशवॉशरना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. गच्चीवरची टाकी आणि वरच्या मजल्यावरचा नळ यांत चारेक मीटरचं अंतर धरलं, तर मिळतात ०.४ बार, तेही पाणी स्थिर असताना. पाइपाची वळणं आणि अर्धवट उघडणारा कॉक त्यातलाही थोडा दाब खातात. टाकी अर्धी उतरली की पाण्याची पातळी घटते आणि दाबही. म्हणूनच सकाळी मोटर चालल्यावर बिनतक्रार चालणारं यंत्र रात्री अडतं आणि मालकाला वाटतं, यंत्राचा स्वभावच लहरी आहे. प्रत्येक मजला खाली उतरलं, की सुमारे ०.३ बारची भर पडते; त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला हा त्रास ठाऊकही नसतो.

हे तपासायला बादली पुरते. नळ बंद करून यंत्राची नळी सोडवायची, खाली १० लिटरची बादली धरायची आणि नळ पूर्ण उघडायचा. बॉशच्या माहितीपुस्तिकेत मिनिटाला १० लिटर प्रवाहाची अपेक्षा आहे. बादली भरायला दोन-तीन मिनिटं लागत असतील, तर दोष यंत्राबाहेर आहे. ही चाचणी टाकी भरलेली असताना एकदा आणि उतरलेली असताना एकदा करावी. आरओच्या नळाला यंत्र जोडण्याचा मोहही टाळावा. घरगुती आरओ तासाला १२-१५ लिटर पाणी देतो, मिनिटाला नव्हे.

बादली वेळेत भरली, तर नळीच्या तोंडाशी बसवलेली बारीक जाळी पाहायची. उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या खानदेशी घरांना महापालिका तापीचं पाणी पुरवते, म्हणजे गावाकडूनच वाहत आलेलं. पाणी ओळखीचं असलं, तरी टाकी धुतल्यावर तिच्या तळाचा गाळ पाइपात उतरतो आणि थेट या जाळीत बसतो. नव्या इमारतीत सिमेंटचे कण आणि प्लंबरच्या टेपचे तुकडे सापडतात. बोअरचं जड पाणी मिसळलं जात असेल, तर पांढरा थर दिसेल. जाळी थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या टूथब्रशने घासली की तो सुटतो. यंत्र ओट्याखाली ढकलताना मागे नळी मुडपली नाही ना, हेही पाहावं. काही यंत्रांच्या नळीच्या टोकाला प्लॅस्टिकचा डबा असतो. त्यात विजेवर चालणारी झडप असते, म्हणून ती नळी कापून लांब-आखूड करायची नाही.

एक चूक बसवतानाच होते. सांडपाण्याची नळी सरळ खाली नहाणी ट्रॅपमध्ये सोडली, तर पाणी आत येता येता आपोआप ओढलं जाऊन बाहेर पडतं. यंत्र भरत राहतं, पण भरलेलं कधी होत नाही. कंपनीने सांगितलेल्या उंचीपर्यंत नळी वर घेऊन मग खाली सोडली, की बिनखर्चात दुरुस्ती होते.

दाबच कमी असेल, तर टाकीकडून येणाऱ्या पाइपावर छोटा प्रेशर पंप बसवतात. नळ उघडताच सुरू आणि बंद होताच थांबणारा, स्वयंचलित पंप घ्यावा. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर मात्र लावायची नाही. तसं केलं तर शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं.

घरी आलेला मेकॅनिक पुष्कळदा आधी पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बदलायला सुचवतो. तो खराब होतोही. पण कमी दाबाच्या घरात नवा व्हॉल्व्ह बसवूनही यंत्र दोन दिवसांत तोच संकेत दाखवेल, म्हणून खर्चाला होकार देण्याआधी त्याच्यासमोर बादली भरून दाखवावी.