तिकिटाची उरलेली किंमत

व्हिएन्ना पाहावयास निघालेल्या प्रवाशाने प्रथम कोणती वस्तू खरेदी करावी, असे कोणी विचारल्यास चोवीस तासांचे तिकीट असे उत्तर द्यावे लागेल. सकाळी कार्ल्सप्लाट्झ स्थानकातील यंत्रात ते एकदा घालून वेळेचा शिक्का उमटविला, की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस या तिन्हींतून शहरभर कितीही वेळा हिंडता येते. स्थानकावर फाटक नाही, गाडीत कंडक्टर नाही. तपासनीस केव्हा येईल याचा मात्र नेम नसतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर पुढच्या प्रत्येक फेरीची किंमत प्रवाशापुरती शून्य होते. त्यामुळे माणूस निर्धास्तपणे हिंडतो. चुकीच्या थांब्यावर उतरल्यास खिशाला झळ लागत नाही. उलट न ठरविलेले असे काहीतरी पाहून होते.

परंतु या तिकिटाच्या पैशांत व्यवस्थेचा सारा खर्च भागत नाही. मग उरलेली किंमत कोण देतो? प्रस्तुत लेखकाने हा प्रश्न मनात ठेवून तेथे एक दिवस काढला, आणि प्रत्येक थांब्याने त्याचे निराळे उत्तर दिले.

पहिले उत्तर कार्ल्सप्लाट्झलाच मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्तुशिल्पी ओटो व्हाग्नर यांनी शहर रेल्वेसाठी बांधलेले, हिरव्या लोखंडी चौकटीचे व सोनेरी नक्षीचे दोन मंडप तेथे आजही उभे आहेत. त्यांच्याच परिसरात 1969 साली भुयारी रेल्वेचे खोदकाम सुरू झाले आणि 1978 मध्ये तिचा पहिला टप्पा खुला झाला. खोदकाम सुरू झाल्यानंतरच्याच वर्षी, 1970 मध्ये, शहराने मालकवर्गावर एक कर बसविला. दर नोकरामागे दर आठवड्याला ठरावीक रक्कम मालकाने भरावयाची आणि ती भुयारी रेल्वेच्या कामी लागावयाची. त्यामागील विचार सरळ आहे. नोकर वेळेवर कामावर पोचला, तर लाभ केवळ नोकराचा नसतो. त्या लाभाचा वाटेकरी असलेल्या मालकाने खर्चाचाही वाटेकरी व्हावे.

तेथून बाहेर पडून ट्रामने रिंग रस्त्याची फेरी करावी. 1 आणि 2 क्रमांकाच्या गाड्या या मार्गावर धावतात. पूर्ण प्रदक्षिणेसाठी मध्ये एकदा गाडी बदलावी लागते. ऑपेरा, वस्तुसंग्रहालये, संसद, नगरभवन, विद्यापीठ अशी भव्य वास्तूंची रांगच खिडकीतून सरकत जाते. येथे पूर्वी तटबंदी होती. 1857 च्या डिसेंबरात सम्राट फ्रान्झ योझेफ याने ती पाडण्याची आज्ञा दिली. मोकळ्या झालेल्या जमिनीचे भूखंड धनिकांना विकण्यात आले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या निधीतून ऑपेरासारख्या सार्वजनिक इमारती बांधल्या गेल्या. रस्त्यामुळे जमिनीला मोल आले आणि त्या मोलातून शहराची शोभा उभी राहिली. हे दुसरे उत्तर.

रिंगवरूनच 71 क्रमांकाची ट्राम पकडली, की ती पुष्कळ वेळाने शहराच्या मध्यवर्ती दफनभूमीपाशी आणून सोडते. बेटहोफेन, शूबर्ट, ब्राम्स यांच्या समाध्या येथे एकमेकींच्या शेजारी आहेत. एखादा मनुष्य वारला, की तो '71 ने गेला' असे म्हणण्याची व्हिएन्नात पद्धत आहे. एखाद्या वाहनाने लोकांच्या बोलीत असे स्थान मिळवावे, याहून त्याच्या सार्वजनिकपणाचा अधिक चांगला पुरावा कोणता?

दुपारी परतून चार क्रमांकाच्या भुयारी रेल्वेने हायलिगेनश्टाट या अखेरच्या स्थानकावर उतरावे. समोरच कार्ल मार्क्स होफ ही एक किलोमीटरहून अधिक लांबीची कामगारवस्ती दिसते. 1927 ते 1930 या काळात नगरपालिकेने ती बांधली. वित्त विभाग सांभाळणारे ह्यूगो ब्राइट्नर यांनी 1923 मध्ये घरांवर चढत्या दराचा कर लावला होता. मोठ्या वाड्यात राहणाऱ्याने अधिक द्यावे, खोलीत राहणाऱ्याने नाममात्र. त्या करातून अशा वस्त्या उभ्या राहिल्या. हे तिसरे उत्तर.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. 2012 मध्ये व्हिएन्नाने वार्षिक पासाची किंमत 449 युरोंवरून 365 युरोंवर आणली, म्हणजे दिवसाला एक युरो. जगभर या स्वस्ताईची वाहवा झाली. ते दशक संपण्यापूर्वीच सुमारे 19 लाख वस्तीच्या या शहरात पासधारकांची संख्या आठ लाखांवर गेली. परंतु त्याच वर्षी मालकांवरचा साप्ताहिक कर दर नोकरामागे 72 सेंटांवरून 2 युरो झाला आणि रस्त्यावर मोटार उभी करण्याचे शुल्कही वाढले, याचा उल्लेख क्वचितच होतो. शिवाय पास स्वस्त होण्यापूर्वीच शहरातील एक तृतीयांशाहून अधिक फेऱ्या सार्वजनिक वाहनांनी होत होत्या. गाडी वेळेवर येते, म्हणून लोक तिच्याकडे वळले होते. भाडे उतरले ते नंतर. पुढे नगरपालिकेच्या तिजोरीवर ताण पडला आणि 2026 च्या आरंभी पासाची किंमत सुमारे शंभर युरोंनी वाढली. स्वस्ताईलाही कोणीतरी पैसे मोजावे लागतात, हा धडा व्हिएन्नालाही चुकला नाही.

हे सारे पाहताना मुंबईची आठवण येणे अपरिहार्य आहे. 31 मार्च 1964 रोजी मुंबईतील अखेरची ट्राम धावली. बेस्टने जुलै 2019 मध्ये किमान भाडे 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आणले आणि मे 2025 मध्ये ते 10 रुपये केले. दरम्यान संस्थेच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या घटत गेल्या. भाडे उतरविणे आणि चढविणे एवढ्याभोवतीच आपली चर्चा फिरते. उरलेली किंमत कोणी द्यावी, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

विशिष्ट कार्यासाठी विशिष्ट कर ही कल्पना महाराष्ट्राला परकी आहे असे मात्र नाही. 1975 साली रोजगार हमी योजनेसाठी लावलेला व्यवसाय कर शिक्षक आणि कारकून यांच्या पगारपत्रकात आजही दिसतो. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातील मजुरासाठी वर्गणी द्यावी, हे आपण मान्य केले. मेट्रोसाठी काही शहरांत मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभारही घेतला जातो. मग ज्यांची कार्यालये, दुकाने आणि जागा बसथांब्यामुळे किमती होतात, त्यांनी बससाठी काही द्यावे, असे म्हणण्यास आपण का कचरावे?

संध्याकाळी हायलिगेनश्टाटहून 38ए क्रमांकाची बस द्राक्षमळ्यांमधून वळणे घेत कालेनबर्ग टेकडीवर चढते. तिकीट सकाळचेच. वरून सारे शहर आणि डॅन्यूबचे पात्र दिसते. बसमधून शेजारी उतरलेल्या वृद्ध बाईंच्या हातात भाजीची पिशवी होती आणि मागे शाळकरी मुलांचा घोळका होता. त्यांतील कोणीही या प्रवासाची पूर्ण किंमत दिलेली नव्हती; तरीही कोणी फुकट आलेले नव्हते. ती किंमत सर्वांनी, आपापल्या ऐपतीप्रमाणे, आधीच दिलेली होती.